कॅटेनरी : झोळ की शृंखलावक्र?

अनुवादिका : कमानींवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. साखळी दोन टोकांना अडकवून मोकळी सोडली की ती स्वतःच्या वजनाने जो आकार घेते, त्या कॅटेनरीला मी 'झोळ' लिहिलं. तपासनिसांनी खोडून 'शृंखलावक्र' केलं. आमच्या घरी दोरीला झोळच पडायचा. काय ठेवू?

गणितप्रेमी : शृंखलावक्र. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६९० मध्ये जर्मन गणिती लायब्निट्सला लिहिताना हे नाव लॅटिन 'कातेना'वरूनच घेतलं, आणि कातेना म्हणजे साखळी.

शब्दवेडी : मग 'साखळीवक्र' का नको? साखळी ही शृंखलेचीच लेक. शृंखला म्हटलं की मला आधी बेड्या आठवतात.

जुना वाचक : शाळेत आम्हाला हाच आकार 'अन्वस्त', म्हणजे पॅराबोला, म्हणून सांगितला होता. नवा शब्द कशाला?

गणितप्रेमी : कारण तो अन्वस्त नाही! गॅलिलिओलाही लोंबती साखळी अन्वस्ताच्या जवळपास वाटली होती. ती अन्वस्त नाही हे जर्मन गणिती युंगियसने दाखवलं, ते १६६९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. खरं समीकरण १६९१ मध्ये हायगेन्स, लायब्निट्स आणि योहान बर्नुली या तिघांनी दिलं. साखळीचं वजन तिच्या लांबीवर सारखं वाटलेलं असतं. झुलत्या पुलाच्या दोराला खालचा रस्ता पेलायचा असतो, ते वजन आडव्या अंतरावर सारखं पडतं, म्हणून तिथे अन्वस्त येतो.

तारवाला : विजेच्या तारा ओढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. झोळ हा आकार नव्हे हो, झोळ हे माप आहे. दोन आधार जोडणाऱ्या सरळ रेषेपासून तार किती खाली आली, तो झोळ. तार तापली की लांबते, झोळ वाढतो. आणि कितीही ताणा, तो शून्य होत नाही. तार पुरती आडवी झाली तर ताणही आडवाच, मग वजन वर कोण उचलणार? तेव्हा 'झोळाचा वक्र' म्हणा, नुसता झोळ नको.

अनुवादिका : हे पटलं. पण माझी अडचण पुढे आहे. इंग्रज शास्त्रज्ञ हूकचं १६७५ चं सूत्र : लवचीक दोरी जशी लोंबते, तशीच पण उलटी ताठ कमान उभी राहते. साखळीत सगळा ताण, कमानीत सगळा दाब. आता उभ्या कमानीला 'उलटा झोळ' म्हणायचं?

शब्दवेडी : छे, झोळ पडतो, तो उभा कसा राहील? शिवाय हल्लीची मुलं 'झोल' म्हणजे लबाडी समजतात.

तारवाला : तो झोल, हा झोळ. ल आणि ळ वेगळे.

जुना वाचक : वेगळे कसे? आमच्याकडे तारेलाही झोलच म्हणत. मूळ एकच असणार : जे सैल सुटलं, त्यात काहीतरी लपवता येतं.

शब्दवेडी : मला तर झोळ झोळीतून आलेला वाटतो. दोन टोकं धरलेलं कापड डोळ्यांसमोर आणा, तोच आकार.

गणितप्रेमी : झोळीत भार मधोमध असतो, आकार बदलला!

अनुवादिका : अहो, कमानीचं कुणीतरी सांगा ना.

जुना वाचक : सांगतो, पण आधी हा ळ मिटू दे. झोळीतला ळ मूळचा की मागाहून आलेला?