टायगर रणगाड्याच्या मॉडेलवर झिमेरिटचा थर: पुट्टी कोणती वापरावी आणि रेघा कशाने उठवाव्यात?

जुळे_सोलापूरकर (प्रश्न)

सप्रेम नमस्कार.

गेली चार वर्षे मी १:३५ प्रमाणातील रणगाड्यांची मॉडेल्स जोडतो आहे. आतापर्यंत खोक्यात जे भाग आले तेच जोडून रंगवले. या वेळी प्रथमच टायगर-१ घेतला असून जर्मन रणगाड्यांवर दिसणारा झिमेरिटचा खरबरीत, रेघारेघांचा थर त्यावर स्वतः द्यावा असे मनात आहे. मॉडेल पूर्ण झाल्यावर ते दुसऱ्या महायुद्धातील कुर्स्कच्या लढाईच्या देखाव्यात मांडायचे आहे.

पहिले दोन्ही प्रयत्न वाया गेले. डाव्या बाजूला मी गॅरेजमध्ये मिळणारी एनसी पुट्टी, म्हणजे आपले रंगारी जिला सरसकट लांबी म्हणतात ती, सुमारे एक मिलिमीटर जाडीने लावली आणि बारीक दातांच्या फणीने रेघा ओढल्या. मे महिन्यातील दुपार होती, डोक्यावर पंखा फिरत होता आणि पारा ४२ अंशांच्या वर होता. पाच मिनिटांतच पुट्टीवर साय धरली. आतला भाग मात्र ओलाच राहिल्यामुळे फणी फिरवताच ती साय फाटून तिचे गोळे झाले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर खालचे प्लास्टिक मऊ पडून बाजूचा पत्रा आत वाकलेला. उजव्या बाजूला घर रंगवताना उरलेली भिंतीची पुट्टी फेविकॉलमध्ये कालवून लावली. ती सुकताना छान दिसली, पण चाके बसवण्यासाठी मॉडेल हातात घेतले आणि तिचे पापुद्रे टेबलावर पडले.

नवा सांगाडा मागवला आहे. तो येईपर्यंत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. सोलापुरात सहज मिळेल अशी कोणती पुट्टी वापरावी, रेघा कशाने उठवाव्यात आणि हा थर रणगाड्याच्या कोणत्या भागांवर देऊ नये?

चिलखतप्रेमी

आपल्या देखाव्याबद्दल आधी एक अप्रिय गोष्ट सांगावी लागेल, कारण पुट्टी लावून झाल्यावर ती कळण्यापेक्षा आताच कळलेली बरी. कुर्स्कची लढाई जुलै १९४३ मध्ये सुरू झाली आणि कारखान्यांतून झिमेरिट लावलेले रणगाडे बाहेर पडू लागले ते ऑगस्ट-सप्टेंबर १९४३ च्या सुमारास. त्यामुळे कुर्स्कच्या मैदानावरील टायगरला हा थर असणे शक्य नाही. देखावाच महत्त्वाचा असेल, तर टायगर गुळगुळीत ठेवावा. थरच द्यायचा असेल, तर देखावा १९४४ च्या नॉर्मंडीचा किंवा पूर्व आघाडीचा करावा. किट कोणत्या काळातील टायगरचे आहे, हेही तपासून घ्यावे, कारण टायगरची चाके आणि बुरुजावरील सेनापतीचा घुमट यांत वेळोवेळी बदल झाले आणि जुन्या घुमटाच्या टायगरवर कारखान्यात दिलेले झिमेरिट सहसा दिसत नाही. टायगर-१ चे उत्पादन ऑगस्ट १९४४ मध्ये थांबले. कारखान्यांत झिमेरिट बंद करण्याचा हुकूम त्यानंतर, सप्टेंबर १९४४ मध्ये निघाला.

हा थर कशासाठी होता, हे ठाऊक असले की तो कोठे द्यायचा, हे पाठ करावे लागत नाही. जर्मनांकडे तीन चुंबकांच्या पायांवर रणगाड्याला चिकटणारा पोकळ स्फोटक होता आणि शत्रूही तसाच बनवील, अशी त्यांना धास्ती होती. चुंबक आणि पोलाद यांच्यात अंतर पडावे व पृष्ठभाग खडबडीत राहावा, म्हणून हा लेप. शत्रूने तसे चुंबकी स्फोटक फारसे वापरलेच नाहीत, ही गोष्ट वेगळी. पुढे तोफगोळ्याच्या आघाताने हा थर पेट घेतो, अशी आवई उठली. चाचण्यांत ती खोटी ठरली, तरी लेप पुन्हा सुरू झाला नाही. लेप सुकायला लागणारा वेळ आणि तो लवकर सुकवण्यासाठी कारखान्यात फिरवाव्या लागणाऱ्या ब्लो लॅम्पच्या ज्वाळा पाहता, कोणाला त्याचे फार दुःख झाले असेल असे वाटत नाही.

म्हणजेच पायी आलेल्या सैनिकाचा हात जेथे पोहोचतो, तेथे हा थर असे: पुढचे आणि मागचे चिलखत, वरच्या सांगाड्याच्या बाजू, बुरुजाच्या भिंती आणि तोफेभोवतीची ढाल. बुरुजाचे छप्पर, इंजिनावरील जाळ्या, तोफेची नळी, चाके, पट्टे आणि फावडे-कुऱ्हाडीसारखी अवजारे यांवर तो नसे. टायगरच्या चाकांमागे झाकला जाणारा खालचा भागही सोडून द्यावा.

मूळ लेपात बेरियम सल्फेट ४० टक्के, पॉलिव्हिनिल अॅसिटेट २५ टक्के, पिवळी गेरूसारखी माती १५ टक्के आणि झिंक सल्फाइड व लाकडाचा भुसा प्रत्येकी १० टक्के असे. यातील पॉलिव्हिनिल अॅसिटेट हाच आपल्या पांढऱ्या फेविकॉलचाही पाया आहे. तेव्हा आपण फेविकॉल कालवला तो इतिहासाला धरूनच होता, असे म्हणावयास हरकत नाही! फरक एवढाच की, खाली प्रायमर लावलेले पोलाद नव्हते, गुळगुळीत पॉलिस्टायरीन होते, आणि भिंतीची पुट्टी त्याला धरून राहत नाही.

आता जाडीविषयी, कारण माझ्या मते आपली खरी चूक तेथे आहे. प्रत्यक्ष थर साधारण ३ ते ६ मिलिमीटरचा होता. ३५ ने भागल्यास तो ०.०९ ते ०.१७ मिलिमीटर येतो. छपाईचा साधा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे मॉडेलवर एक-दोन कागदांपेक्षा जास्त जाडी खपत नाही. आपण एक मिलिमीटर लावलात, तो खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटर होईल. एवढा थर दिल्यावर पुट्टी कोणतीही असो, टायगर शेणाने सारवल्यासारखाच दिसणार.

फणीवाला

जुळे सोलापूरकर साहेब, आपण राहता त्याच गावात अशोक चौकाजवळ आमचे चार माग आहेत, म्हणून उत्तर देण्याचा हक्क थोडा अधिक समजतो.

पुट्टीसाठी दूर जाण्याची गरज नाही. कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी, दोन भाग एकत्र मळून वापरायची एम-सील घ्यावी. ती इपॉक्सी असल्यामुळे तिच्यात प्लास्टिक विरघळवणारा थिनर नसतो. आपला पत्रा वाकला तो एनसी पुट्टीतील थिनरमुळे. तीच पुट्टी पातळ हाताने आणि दोन थरांमध्ये पुरेसा वेळ देऊन लावली असती, तर कदाचित निभावले असते. इपॉक्सीला मात्र उष्णता मानवत नाही, म्हणजे ती फार लवकर घट्ट होते. तापमान दहा अंशांनी वाढले की, तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असे धरून चालावे. त्यामुळे मे महिन्यात हे काम पहाटे करावे आणि एका वेळी वाटाण्यापेक्षा जास्त गोळा मळू नये. मी न मळलेले दोन्ही भाग पिशवीत घालून माठाजवळ ठेवतो. मळताना हातमोजे घालावेत, कारण रोज उघड्या हाताने इपॉक्सी मळणाऱ्यांची त्वचा नंतर तक्रार करते.

प्लास्टिक आधी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्यावे, म्हणजे पुट्टीला धर मिळतो. मळलेला गोळा टाल्कम पावडर लावलेल्या दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून बाटलीने लाटावा. ती पातळ पोळी चिलखतावर बसवून ओल्या बोटाने दाबावी आणि ओल्या पत्रीने इतकी खरवडून काढावी की, खालच्या प्लास्टिकचा रंग अंधुक दिसू लागेल. नवशिक्याचा हात येथेच आखडतो. लावलेली निम्म्याहून अधिक पुट्टी खरवडून कचऱ्यात गेली पाहिजे, तेव्हा थर बरोबर झाला.

रेघांसाठी तयार पात्या मिळतात, परंतु मी मागाची बाद झालेली फणी वापरतो. केसांची फणी ओढावी लागते आणि ओढली की पुट्टी फाटते. मागाच्या फणीचा तुकडा नुसता दाबायचा असतो. तिच्या पोलादी तारा एकसारख्या अंतरावर, समांतर असतात, त्यामुळे एका दाबात दहा-पंधरा रेघा सरळ उमटतात. आमच्याकडे फणीचा नंबर म्हणजे दोन इंचांत किती फटी, असा हिशोब आहे. ४० नंबरच्या फणीत एका इंचाला २० फटी, म्हणजे दोन रेघांत १.२७ मिलिमीटर अंतर पडते आणि ते खऱ्या रणगाड्यावर सुमारे ४४ मिलिमीटर होईल. ६० नंबरची घेतली, तर अंतर ०.८५ मिलिमीटर, म्हणजे प्रत्यक्षात जवळजवळ ३० मिलिमीटर. कोणती योग्य, ते आपल्या निवडलेल्या छायाचित्रावरून ठरवावे. टायगरच्या चाकाचा व्यास ८०० मिलिमीटर होता, तेव्हा फोटोत चाकाच्या व्यासाएवढ्या उंचीत किती रेघा येतात, ते मोजले की अंतर मिळते. मॉडेलवर तेच चाक सुमारे २३ मिलिमीटरचे असते. ताडून पाहायला तेवढे पुरे.

फणीचा तुकडा तीन सेंटिमीटरहून मोठा घेऊ नये आणि दर दाबापूर्वी पाण्यात बुडवावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रांगा फार शिस्तीत बसवू नयेत. खरा लेप कामगारांनी हाताने दिलेला होता. एक रांग किंचित खाली, दुसरी किंचित तिरकी, असे झाले तरच तो हाताचा वाटतो. आमच्या टॉवेलात एवढा फरक आला, तर व्यापारी माल परत पाठवतो. येथे मात्र तोच फरक हवा.

जुळे_सोलापूरकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कुर्स्कचा नाद सोडला आहे. फणीवाले काकांनी सांगितलेला ६० नंबरच्या फणीचा तुकडा शेजारच्या कारखान्यातून मिळाला. तो कशासाठी हवा, हे समजावण्यात पुट्टी लावण्यापेक्षा अधिक वेळ गेला.

दोन शंका उरल्या आहेत. सर्व जर्मन रणगाड्यांवर याच आडव्या रेघा चालतील काय? आणि नव्या सांगाड्याला हात लावण्यापूर्वी सरावासाठी सोपे असे काय करता येईल?

चिलखतप्रेमी

चालणार नाहीत, कारण नक्षी कारखान्यावर अवलंबून होती. टायगर-१ फक्त कासेलच्या हेन्शेल कारखान्यात तयार होत असल्यामुळे त्याच्या बाबतीत आडवे उंचवटे निःशंकपणे द्यावेत. स्टुग-३ या तोफगाडीचे मात्र तसे नाही. बर्लिनच्या आल्केट कारखान्यातील गाडीवर आइस्क्रीमच्या कोनासारखी जाळी असे, तर मियाग कारखान्यातील गाडीवर लहान चौकोन. पँथर तर तीन-चार कारखान्यांत बनत असे आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी होती. त्यामुळे आधी गाडी कोणत्या कारखान्याची, हे ठरवावे आणि मगच पुट्टी मळावी.

करमाळा_रोड

सरावाच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. पॅटन हा अमेरिकी रणगाडा घ्यावा.

झिमेरिट हा पुट्टीचा सर्वांत अवघड प्रकार आहे. ओतीव पोलादाचा रवाळपणा त्याहून कितीतरी सोपा आहे आणि तो आपल्याला डोळ्यांनी पाहताही येतो. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात १९६५ च्या युद्धात हाती लागलेले पॅटन आहेत. सोलापुराहून करमाळ्यामार्गे गेल्यास एका दिवसात जाऊन येता येते. एम-४८ पॅटनचा बुरूज आणि सांगाडा दोन्ही ओतीव आहेत, त्यामुळे उन्हात तिरप्या बाजूने पाहिले की, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. शेजारी सेंच्युरियन हा ब्रिटिश रणगाडा असेल, तर त्याचा ओतीव बुरूज आणि जाड पत्रे वेल्ड करून केलेला सपाट सांगाडा यांतील फरकही पाहून घ्यावा. अनेक जण उत्साहाच्या भरात संपूर्ण सेंच्युरियनवर रवा उठवतात, ते चूक आहे.

कृती थोडक्यात सांगतो. मॉडेलसाठी मिळणारी ट्यूबमधील पुट्टी लॅकर थिनरमध्ये दह्याइतकी पातळ करावी, जुन्या ताठ ब्रशचे केस आखूड कापावेत आणि बुरुजावर टोचत टोचत लावावी. एका वेळी तळहाताच्या चौथ्या हिश्शाएवढाच भाग घ्यावा. थर नखाएवढाही जाड नसल्यामुळे यातील थिनर प्लास्टिकला वाकवत नाही, उलट पुट्टी धरून ठेवतो. सुकल्यावर ४०० नंबरच्या पेपरने हलकेच घासून टोके मोडावीत. मास्क घालावा आणि खिडकी उघडी ठेवावी. झळ आत येईल हे मान्य, पण थिनरच्या वासापेक्षा ती परवडली.

जुळे_सोलापूरकर

पॅटनचा बुरूज दोन संध्याकाळींत झाला आणि त्यानंतर टायगरला हात लावला. पहाटे पाच ते सात एवढाच वेळ काम करून सहा दिवसांत चारही बाजू पूर्ण झाल्या. थर मोजून पाहिला, तर कोठे ०.३, कोठे ०.४ मिलिमीटर भरतो. म्हणजे हिशोबापेक्षा दुप्पट-तिप्पटच, परंतु हाताच्या अंतरावरून तो डोळ्यांत खुपत नाही. अवजारांचे कंस आधीच चिकटवून बसलो होतो, त्यामुळे त्यांच्या कडेने फणी बसेना. तेथे सुईच्या टोकाने एकेक रेघ काढावी लागली.

आता शेवटचा प्रश्न. थर उडालेल्या जागी आतला रंग कोणता दाखवावा?

फणीवाला

प्रायमरचा लालसर तपकिरी, म्हणजे आपल्याकडे लोखंडी गेटला देतात त्या रेड ऑक्साइडच्या जवळचा. टवके कोपऱ्यांवर, कडांवर आणि जेथे पाय ठेवून सैनिक वर चढत त्या जागी दाखवावेत. सुरीच्या टोकाने पुट्टी उचकटून काढली, तर कडा आपोआप खऱ्यासारखी तुटते. कंसांच्या बाबतीत पुढच्या वेळी ते पुट्टी ओली असतानाच तिच्यात रोवावेत. आणि एकदा टायगर घेऊन अशोक चौकात यावे. ६० नंबरच्या फणीतून टॉवेलाखेरीज आणखी काय निघते, ते आमच्या कामगारांना दाखवायचे आहे.