मदत हवी आहे: एकांकिकेत नायिकाच अर्ध्यात निघून जाते

मंडळी, गणपतीसाठी एकांकिका लिहायला घेतलीये आणि भलत्याच विषयात अडकलोय. १५२९ चं लंडन, ब्लॅकफ्रायर्सच्या मठात भरलेलं चर्चचं कोर्ट, राजा आठव्या हेन्रीला त्याच्या स्पॅनिश राणीपासून, कॅथरीनपासून सुटका हवीये. घटस्फोट नाही हां, २० वर्षं संसार झालाय, मुलगी मेरी १३ वर्षांची, तरी लग्न कायदेशीर नव्हतंच असं त्याला ठरवून हवंय, का तर ती आधी त्याच्या थोरल्या भावाची, आर्थरची बायको. आर्थर पाचेक महिन्यांत वारला, पोपने तेव्हा दिरा-भावजयीच्या लग्नाला खास परवानगी दिलेली, आता हा म्हणतो पोपला तो अधिकारच नव्हता.

२१ जूनचा सीन तर आयता आहे. राणीच्या नावाचा पुकारा होतो, ती हजर म्हणत नाही, उठते, अख्खं कोर्ट ओलांडून नवऱ्यासमोर गुडघे टेकते आणि न्यायाधीश म्हणून बसलेले दोन कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्मगुरू, बाजूला ठेवून त्याच्याशीच बोलते, की तुमच्याकडे आले तेव्हा मी कुमारिका होते, खरं का खोटं ते स्वतःच्या मनाला विचारा. मग चालायला लागते. मागून पुन्हा पुकारा, ती वळत नाही.

बोंब इथेच आहे. ती परत येतच नाही! पुढे नुसत्या साक्षी आणि त्या दोघांतला रोमहून आलेला कार्डिनल कॅम्पेजिओ, गाऊटच्या सांधेदुखीने बेजार, जुलै अखेरीस चक्क ऑक्टोबरची तारीख देतो. क्लायमॅक्सला तारीख पडली तर लोक चपला शोधायला लागतील. तिचा सीन शेवटी ढकलू का? आणि 'विवाह रद्दबातल' म्हटलं की नोटीस वाचल्यासारखं वाटतं, दुसरा शब्द सुचवा.

प्रतिसाद १: ढकलू नका. तिची खुर्ची रिकामी ठेवा आणि तारीख हाच निकाल समजा. १५२७ मध्ये तिच्या भाच्याच्या, सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजेने रोम लुटलेलं, पोपची काय टाप होती त्याच्या मावशीविरुद्ध निकाल द्यायची! शेवटी १५३३ ला कँटरबरीचा आर्चबिशप क्रॅनमर याने डन्स्टेबल गावी कोर्ट भरवून लग्न रद्द केलं, तिथेही ती गेली नाही. शब्दाचं म्हणाल तर 'लग्न लागलंच नव्हतं' पुरे, अडाण्यालाही कळतं.

धागाकर्ता: खुर्ची भारी! आता एकच, लग्नाच्या दुसऱ्या सकाळी आर्थर प्यायला मागत 'रात्रभर स्पेनमध्ये होतो' म्हणाला अशी साक्ष आहे, ती ठेवू का? पहिल्या रांगेत सोसायटीच्या आज्या असतात.