पाच तारे नेमके कोणाला दिसतात?

'आउट ऑफ द पार्क' या बेसबॉल संघ चालवण्याच्या संगणक-खेळात परदेशी किशोर खेळाडू घेताना 'स्काउटने, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्याने, पाच तारे दिलेल्या मुलावरच करार-बोनसची सगळी रक्कम लावावी' असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. या खेळात ताऱ्यांनी दिसणारी संभाव्य क्षमता हा स्काउटचा अंदाज असतो, आणि तो स्काउट अंगभूत गुणांकडे झुकणारा आहे की आजच्या कौशल्याकडे, यावर १६ वर्षांच्या मुलाचे तारे बरेच अवलंबून असतात. मी स्काउट बदलला तेव्हा माझ्या यादीतील एका डॉमिनिकन शॉर्टस्टॉपचे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) पाच तारे साडेतीनवर आले. मुलगा तोच होता, पाहणारी नजर बदलली होती. तेव्हापासून मी परदेशी स्काउटिंगचा निधी आधी वाढवतो आणि बोनसची रक्कम चार-पाच मुलांत वाटतो.

प्रत्यक्ष बेसबॉलमध्येही हेच दिसते. व्हेनेझुएलाच्या केव्हिन मायतान या खेळाडूला अटलांटा संघाने २०१६ मध्ये साडेबेचाळीस लाख डॉलर दिले, पण तो मेजर लीग या अमेरिकेतील सर्वोच्च स्पर्धेपर्यंत पोहोचला नाही. त्याच देशातल्या होजे अल्तुवेला मात्र ह्यूस्टन संघाने उंची कमी म्हणून आधी परत पाठवले, मग २००७ मध्ये अवघ्या १५,००० डॉलरला घेतले, आणि २०१७ मध्ये तो अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक) सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला.