सिझेरियनच्या बाळाला पुढे दमा होऊ नये म्हणून प्रोबायोटिक द्यावे का? मदत हवी आहे

नमस्कार. आमची मुलगी सव्वातीन महिन्यांची आहे. तिचा जन्म सोलापुरातच सिझेरियनने झाला आणि संसर्गाच्या शंकेमुळे पहिले पाच दिवस तिला प्रतिजैविकाची इंजेक्शने द्यावी लागली. ती तेव्हा गरजेची होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र पत्नीला लहानपणापासून दमा आहे आणि मी यंत्रमागाच्या कारखान्यात असल्यामुळे टॉवेलांची रुई रोज अंगावर घेऊनच घरी येतो. साहजिकच मुलीच्या छातीची काळजी आम्हांला जरा जास्तच वाटते.

गेल्या आठवड्यात औषधाच्या दुकानदाराने, ‘पोटातले चांगले जंतू वाढले की दमा होत नाही’ असे सांगून प्रोबायोटिकचे थेंब हातात ठेवले. बाटली अजून फोडलेली नाही. त्यानंतर मी जे वाचले त्याने गोंधळ वाढलाच. कॅनडातील संशोधकांनी २०१५ साली ३१९ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पुढे दम्याचा धोका जास्त दिसलेल्या बाळांच्या शीमध्ये तिसऱ्या महिन्यात फीकॅलिबॅक्टेरियम, लॅक्नोस्पायरा, व्हेलोनेला आणि रोथिया हे चार प्रकारचे जिवाणू कमी आढळले, आणि वर्षाच्या वयापर्यंत हा फरक बराचसा पुसला गेला. मुलगी नेमकी त्याच वयाची असल्यामुळे वेळ हातची निघून चालली आहे असे वाटून दोन रात्री धड झोप लागली नाही. परंतु बाटलीवर या चारांपैकी एकाचेही नाव नाही. तिथे लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस लिहिले आहे. मग ती देऊन उपयोग काय? शिवाय आई म्हणते की थेंब नकोत, सहाणेवर मुरडशेंग आणि वेखंड उगाळून मधातून गुटी द्या. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

मी अनेक वर्षे बालरोग विभागात परिचारिका होते, त्या अनुभवावरून लिहिते. निर्णय मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

नावांतला फरक आपण बरोबर हेरला आहे. फीकॅलिबॅक्टेरियमला हवेतला प्राणवायू सोसत नाही, त्यामुळे तो साध्या बाटलीत भरून विकणे सोपे नाही. कॅनडाच्या त्या अभ्यासात हे चार जिवाणू दिल्यावर श्वासमार्गाची सूज कमी झाली ती उंदरांमध्ये, बाळांमध्ये नव्हे. आपल्या बाटलीतल्या जातीच्या जिवाणूची परीक्षा मात्र बाळांवर झालेली आहे: आई किंवा वडिलांना दमा असलेल्या १८४ बाळांना अमेरिकेत पहिले सहा महिने लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी किंवा जिवाणूविरहित भुकटी दिली गेली, आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत इसब किंवा दमा टळल्याचे दिसले नाही. त्याच वर्षी ओडिशातील साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांवरील प्रयोगात दुसऱ्या एका लॅक्टोबॅसिलसमुळे जंतुसंसर्ग बराच कमी झाला, ही मोठी गोष्ट आहे. पण तो प्रश्नच वेगळा होता, आणि दुकानात हे दोन प्रश्न एकाच बाटलीत विकले जातात.

अंगावर पाजणे चालू असेल तर तेच नेटाने चालू ठेवा. आईच्या दुधातील काही शर्करा बाळाला पचत नाहीत, त्या बिफिडोबॅक्टेरियमसारख्या जिवाणूंचे अन्न असतात. साध्या सर्दीला प्रतिजैविक मागू नका, त्याने पोटातले चांगले जंतूही मरतात. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००० ते २०१४ या काळात तान्ह्या बाळांना प्रतिजैविके देण्याचे प्रमाण घटले, आणि त्याच काळात एक ते चार वर्षांच्या मुलांमधील नव्या दम्याचे प्रमाणही २६ टक्क्यांनी उतरले. अर्थात गरज असताना ती द्यायलाच हवीत, जशी आपल्या मुलीला दिली गेली.

मध मात्र वर्षाच्या आत बोटभरही चाटवू नये, त्यातून बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषामुळे स्नायू लुळे पडण्याच्या गंभीर आजाराचा धोका असतो. सहा महिन्यांपर्यंत गुटीही नको, हे आईंना समजावणे थेंबांच्या प्रश्नापेक्षा अवघड जाईल याची मला कल्पना आहे. न्हाऊ घातल्यावर ओव्याची धुरी देत असाल तर ती आजच बंद करा, आणि आपण कारखान्यातून आल्यावर हातपाय धुऊन, कपडे बदलूनच मुलीला उचला.

धागाकर्ता

मनापासून आभार. धुरी रोज चालू होती, ती आज थांबवली. बाटली न फोडता परत करतो. चौदा आठवड्यांची लस याच आठवड्यात आहे, तेव्हा डॉक्टरांसमोर हे सर्व मांडीन. आईलाही सोबत नेतो, म्हणजे मधाचे तिला त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळेल.