डिसेंबरचा मुंबई प्रवास आणि शेंगदाणे

प्रेषक: मु. (मिसिसागा)
प्रति: मराठी मंडळ (कॅनडा) – सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

शाळा सुटल्या की आपली बरीच कुटुंबं एकाच विमानानं लंडनमार्गे मुंबईला निघणार आहेत, म्हणून ही मेल सगळ्यांना. आमच्या धाकट्याला शेंगदाणा, काजू आणि पिस्ता यांची तीव्र ॲलर्जी आहे. "एखादा दाणा खाल्ला तर काय होतंय" यातली नाही. ओठ सुजण्यापासून श्वास कोंडण्यापर्यंत जायला काही मिनिटं पुरतात.

विमान कंपनीला आधीच कळवलंय. कॅनडाच्या 2020 पासूनच्या नियमांनुसार तीव्र ॲलर्जी असलेल्या प्रवाशानं मागणी केली, तर त्याच्या आसनाभोवती बफर झोन, म्हणजे सुरक्षित अंतर, ठेवावा लागतो आणि जवळ बसलेल्यांना तसं सांगावं लागतं. लंडन-मुंबई टप्प्यावर मात्र हा नियम आपल्या कामाचा नाही. तिथे कर्मचाऱ्यांवर आणि तुमच्यावर भिस्त. आमच्या आसपास जे बसणार असतील त्यांनी कृपया दाण्याचे पदार्थ बाहेर काढू नयेत, एवढीच विनंती.

– मु.

---

प्रेषक: नाना (ब्रॅम्प्टन)

ताई, राग मानू नका, पण सरळ विचारतो. मी इन्सुलिनवर आहे. विमानातलं जेवण कधी येईल आणि त्यात काय असेल याचा भरवसा नाही. हिनं केलेली थालीपिठं आणि दाण्याची चटणी हाच माझा आधार. ती बंद करायची म्हणजे म्हाताऱ्यानं काय करावं?

दुसरं असं की, हा त्रास हवेतून होत असेल तर तीनशे प्रवाशांत कुणाकुणाला आवरणार? आपण मराठी लोक ऐकू, पण पुढच्या रांगेतला खारे दाणे मागवेल त्याचं काय? पोराला मास्क लावलेला बरा नाही का?

– नाना

---

प्रेषक: डॉक्टरवहिनी (ओकव्हिल)

हवेबद्दल थोडं. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणासाठी केलेला या विषयावरच्या संशोधनाचा आढावा 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. दाण्यांचा अंश विमानाच्या वायुवीजनातून सगळीकडे पसरतो, याला त्यात आधार सापडला नाही. केबिनमधली हवा वरून येते, साधारण त्याच रांगेच्या पायाशी बाहेर ओढली जाते, दर काही मिनिटांनी बदलते आणि तिचा जो भाग परत फिरवतात तो गाळून येतो. त्यामुळे दहा रांगा पुढच्या खाऱ्या दाण्यांची धास्ती नको.

खरी भानगड हातांची आणि पृष्ठभागांची. आधीच्या प्रवाशानं दाणे खाल्ले, बोटं ट्रेला पुसली, आपलं पोर त्याच ट्रेवर बिस्किट ठेवून खातं. आणि हो, हँड सॅनिटायझरनं जंतू मरतात, दाण्याचं प्रथिन हातावरच राहतं. साबण-पाणी किंवा ओले वाइप्स हवेत.

---

प्रेषक: एक कार्यकारिणी सदस्य

विषय गंभीर आहे. मी असा प्रस्ताव मांडतो की मंडळाच्या सर्व प्रवासी सभासदांनी शेंगदाणे व सुकामेवा असलेला कोणताही पदार्थ विमानात आणू नये, तसं लेखी द्यावं आणि मंडळानं कंपनीला पत्र लिहून संपूर्ण विमान "नट-फ्री" जाहीर करायला सांगावं. ऑन्टारिओच्या शाळांना 2006 पासून तीव्र ॲलर्जीच्या मुलांसाठीचा सब्रिनाचा कायदा लागू आहे, मग विमानाला का नको?

(ता.क. वर्गणी न भरलेल्यांनी ती याच आठवड्यात भरावी.)

---

प्रेषक: मु. (मिसिसागा)

मनापासून आभार, पण हा ठराव कृपया मांडू नका. "नट-फ्री" विमान असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मलाच जास्त भीती वाटेल. कुणाच्या पर्समध्ये चिक्की आहे, आधीच्या फेरीत त्या आसनावर काय सांडलंय, हे कोण तपासणार? जाहीर झालं की सगळे निर्धास्त होतात आणि पुसायचं राहून जातं. सब्रिनाच्या कायद्यातही शाळांवर सरसकट बंदी लादलेली नाही. शाळेची तयारी, शिक्षकांचं प्रशिक्षण आणि प्रत्येक मुलाची वेगळी योजना यावर त्याचा भर आहे. शाळा बंदी घालतात ती आपणहून.

आम्ही काय करतो ते सांगते. कर्मचाऱ्यांना विचारून सगळ्यांच्या आधी आत जातो. मी वाइप्स घेऊन पट्ट्याचं बक्कल, आसनाचे हात, ट्रेची दोन्ही अंगं, ती उघडायची छोटी खिट्टी आणि समोरचा टीव्हीचा पडदा पुसते. खिट्टीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, आणि सगळ्यात चिकट तीच असते. समोरच्या खिशात काहीच ठेवत नाही, कारण त्याच्या तळाला काय काय साठलेलं असतं ते बघवत नाही. नवऱ्याला खिडकीपाशी ढकलून धाकट्याला आमच्या दोघांच्या मध्ये बसवते. जेवण घरचंच.

नाना, मास्कनं ट्रेवरचं काही अडणार नाही. आणि तुमचं पथ्य मला कळतं, बाबाही इन्सुलिनवर आहेत. तुम्ही उपाशी राहावं असं माझ्या मनातही नाही. तुमची जागा आमच्यापासून लांब असेल तर चटणी खुशाल खा. फक्त नंतर हात साबणानं धुवा आणि मगच आमच्याकडे गप्पा मारायला या. आमच्या रांगेत किंवा लगतच्या पुढच्या-मागच्या रांगेत असाल तर तेवढी चटणी नको.

मला धास्ती आहे ती आपल्या मायेची. परका माणूस माझ्या मुलाला काही खायला देणार नाही. आपली मावशी मात्र "घे रे राजा, घरचं आहे" म्हणत काजूकतली थेट तोंडात घालेल. तो नको म्हणाला की लाजतोय असं समजून दुसऱ्यांदा आग्रह. सात वर्षांच्या मुलानं किती मोठ्यांना नाही म्हणायचं? म्हणून आग्रह मला करा, माझ्याकडे द्या. मी पाकीट वाचून ठरवीन. आणि डबा उघडलाच असेल तर लपवू नका, सांगा. कुणी ओशाळून गप्प बसलं की आमची पंचाईत होते.

आता औषधाचं, कारण वेळ आली तर हात कुणाचेही लागतील. एपिनेफ्रिनची (तीव्र ॲलर्जीवरच्या तातडीच्या औषधाची) इंजेक्शनं लाल थैलीत, माझ्या पायाशी असतात, वरच्या कप्प्यात कधीच नाहीत. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, पँटवरूनच द्यायची. अंगावर पित्त उठलंय आणि श्वासही लागतोय अशा वेळी ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघायची नाही, आधी इंजेक्शन. मग त्याला उभं करायचं नाही, चालवायचं नाही. विमानाच्या पेटीत हे औषध असलं तरी ते बऱ्याचदा कुपीत असतं, म्हणजे सुईत मोजून भरणारं जाणकार माणूस लागतं. भारतात ऑटो-इंजेक्टर, म्हणजे आधीच मोजून भरलेलं तयार इंजेक्शन, सहजी मिळत नाही, म्हणून आम्ही दोनपेक्षा जास्त नेतो.

हे अती वाटत असेल त्यांच्यासाठी: 2016 मध्ये नताशा एडनन-लापरूझ ही पंधरा वर्षांची मुलगी लंडनहून नीसला निघाली होती. विमानतळावर घेतलेल्या सँडविचच्या पावात तीळ होते आणि वेष्टनावर त्याचा उल्लेख नव्हता. वडिलांनी विमानात दोन इंजेक्शनं दिली, तरी ती वाचली नाही. त्यानंतर ब्रिटननं कायदा बदलला आणि ऑक्टोबर 2021 पासून दुकानातच करून बांधून ठेवलेल्या अशा खाण्यावरही सगळे घटक लिहावे लागतात. तेव्हा हीथ्रोवर मुलांसाठी काही घेतलंत तर वेष्टन फेकू नका, मला वाचायला द्या.

– मु.

---

प्रेषक: नाना (ब्रॅम्प्टन)

ताई, आमच्या जागा तुमच्या बरोब्बर मागे आहेत, आत्ताच पाहिलं. त्यामुळे दाण्याची चटणी चेक-इन बॅगेत, थेट पुण्याला. हिचं म्हणणं, कारळ्याची चटणी करते, ती चालेल का? आणि थालीपिठाला आम्ही लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल वापरतो. तेलानं काही होतं का? हिला वाटतं तेलात कुठला दाणा आलाय.

– नाना

---

प्रेषक: मु. (मिसिसागा)

नाना, कारळे त्याला चालतात, आमच्याकडेही होते ती चटणी. तेलाचं मात्र काकूंना सांगा: रिफाइंड तेलातून प्रथिन जवळजवळ सगळं निघून जातं, घाण्याच्या तेलात ते राहतं. त्या दिवशीपुरती थालीपिठं सूर्यफुलाच्या तेलावर लावा. चटणी वाटायच्या आधी मिक्सरच्या झाकणाचं रबर काढून धुवा, दाण्याचं कूट त्याच्या खाचेत बसलेलं असतं. भाजणीत काही घालता का तेही कळवा.

– मु.