पेंढ्याचे पेलेट जाळल्यावर शेगडीच्या जाळीवर काचेसारख्या वड्या का बसतात?

प्रश्न

वरून पेटवायची, पंख्यावर चालणारी गॅसिफायर (म्हणजे इंधनातून निघणारा वायू जाळणारी) शेगडी मी गेले वर्षभर घडवतो आहे. तळाच्या जाळीखालून थोडी हवा इंधनात शिरते आणि काठाजवळच्या भोकांतून उरलेली हवा ज्योतीत मिसळते; दोन्हीकडची हवा एकाच पंख्यातून येते. लाकडाच्या भुशाचे पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या लहान कांड्या, या शेगडीत स्वच्छ जळतात. परंतु लाकूड वाचावे आणि शेतातला वाया जाणारा काडीकचरा उपयोगी पडावा, हाच या खटाटोपाचा मूळ हेतू असल्याने मी भाताच्या पेंढ्याचे पेलेट वापरून पाहिले, तेव्हा वीस मिनिटांतच धूर येऊ लागला. पंखा वाढवला की धूर जरा वेळ थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. शेगडी निवल्यावर जाळीवर हिरवट-करड्या, कठीण वड्या चिकटलेल्या दिसतात. त्या छिन्नीशिवाय निघत नाहीत. सुट्या तुसाच्या अशा वड्या होत नाहीत, मात्र त्यात आग एका बाजूने झपाट्याने खाली उतरते आणि दुसरी बाजू कच्चीच राहते. एकाच रोपाच्या पेंढ्यात आणि तुसात एवढा फरक का पडावा?

पहिला प्रतिसाद

त्या वड्या म्हणजे वितळून गोठलेली राख आहे. तुसाच्या राखेत बहुतांश सिलिका असते आणि नुसती सिलिका सुमारे १७०० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही, म्हणून तूस जळून गेले तरी त्याचा सांगाडा जागच्या जागी उभा राहतो. पेंढ्यात सिलिकेच्या जोडीला पोटॅशियमही भरपूर असते, आणि या दोहोंचे मिश्रण ७५० अंशांच्या आसपासच वितळू लागते. आपण धूर घालवण्यासाठी पंखा वाढवता, तेव्हा जाळीखालची हवाही वाढते, इंधनाचा थर अधिक तापतो, राख वितळून जाळीची भोके बुजवते आणि धूर परततो. म्हणजे जो उपाय आपण करत आहात, तोच वड्यांचे कारण ठरतो आहे. दोन्ही वाटांना स्वतंत्र झडपा बसवाव्यात, खालची हवा कमी ठेवावी आणि धूर दिसल्यास फक्त वरची वाढवावी.

इंधनाकडूनही हा प्रश्न हलका करता येतो. पेंढ्यातले पोटॅशियम बरेचसे पाण्यात विरघळणारे असते. त्यामुळे पावसात भिजून निघालेला किंवा धुऊन नीट वाळवलेला पेंढा पेलेटसाठी अधिक चांगला. मला तर वाटते की शेगडीचे रेखाटन कागदावर उतरवण्याआधी इंधनाची मूठभर राख भट्टीत तापवून पाहावी. तिच्यावरून हवेच्या भोकांविषयी जेवढे कळते, तेवढे ज्योत पाहून कळत नाही.

दुसरा प्रतिसाद

तुसाविषयी लिहितो. सुटे तूस घनमीटरला जेमतेम १०० ते १२० किलो भरते, तर पेलेट ६०० किलोंच्या पुढे जातात. त्यामुळे एका भरणीत पेलेटइतका वेळ ते जळणार नाही, हे आधीच स्वीकारावे. त्याच्या बारीक दाण्यांमधून हवा सारखी जात नाही. जिथे भरण सैल असते तिथून ती वाट काढते आणि तिच्यामागून आग खाली धावते. तूस दाबू नये, डबा हलकेच ठोकून पृष्ठभाग सपाट करावा आणि पेटवताना एका कोपऱ्याला काडी न लावता संपूर्ण पृष्ठभाग एकदम पेटेल असे पाहावे. फिलिपिन्सचे अभियंते अलेक्सिस बेलोनिओ यांनी तुसासाठीच पंख्याची शेगडी विकसित केली, आणि त्या कामासाठी २००८ मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. माझ्या मते दोन्ही इंधनांसाठी बाहेरचे कवच आणि पंखा एकच ठेवून आतले डबे मात्र वेगळे करावेत.

तिसरा प्रतिसाद

‘स्वच्छ जळते’ हे आपण नुसत्या डोळ्यांनी ठरवले असेल, तर एक काळजी बोलून दाखवतो. ज्योत संपून निखारे उरतात तेव्हा धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर पडू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत धुराडे नसलेल्या शेगडीसाठी सूक्ष्म कणांची मर्यादा मिनिटाला ०.२३ मिलिग्रॅम आणि कार्बन मोनॉक्साइडची ०.१६ ग्रॅम अशी दिली आहे. ही मर्यादा फार कडक आहे आणि तशीच ती असायला हवी, कारण शेगडीजवळ तासन्‌तास बसणारी व्यक्ती तीच हवा श्वासात घेते. मोजणी पेटवण्यापासून निखारे बाहेर काढेपर्यंत सलग करावी, आणि ज्योत संपताच उरलेला कोळसा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ओतून घराबाहेर निववावा.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. झडपा वेगळ्या करून, खालची जवळजवळ मिटून आणि वरची पूर्ण उघडून पेंढ्याच्या पेलेटच्या तीन भरण्या जाळल्या. आच मंदावली आणि पाणी उकळायला बराच अधिक वेळ लागला, परंतु ज्योत शेवटपर्यंत टिकली. जाळीवर या वेळी काळसर-करडी राख होती. दोन ठिकाणी ती किंचित धरली होती, तरी बोटाने दाबताच चुरली. आता धुऊन वाळवलेल्या पेंढ्याचे पेलेट करून खालची झडप थोडी थोडी उघडत जाणार आहे आणि प्रत्येक भरणीनंतरची राख वेगळी ठेवणार आहे. कार्बन मोनॉक्साइड मोजण्याचे उपकरण मिळेपर्यंत ही शेगडी उघड्यावरच पेटवीन.