नाशिक–जव्हार–डहाणू एकटीने सायकलवर: सामान, गिअर आणि परतीचा घाट

प्रश्न – गंगापूररोडकर

नमस्कार. मी ४३ वर्षांची असून गेली तीन वर्षे नियमितपणे सायकल चालवते. रविवारी त्र्यंबकेश्वरला जाऊन येणे आता सवयीचे झाले आहे आणि गेल्या हिवाळ्यात २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) मी साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण केली. डिसेंबरमध्ये चार दिवसांची रजा मिळत असल्याने त्र्यंबक, मोखाडा, जव्हार या मार्गाने डहाणूला एकटीने जाऊन त्याच रस्त्याने परत यावे, असा विचार आहे. पहिला मुक्काम जव्हारला, म्हणजे सुमारे ८० किलोमीटर; दुसऱ्या दिवशी डहाणूपर्यंत साठएक; आणि परतताना पुन्हा तसेच.

२०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण केल्यापासून आपल्याकडे लांब पल्ल्याच्या सायकलिंगविषयी आस्थेने बोलणारी माणसे पुष्कळ भेटतात. परंतु ते बोलणे बहुधा वेगाचे आणि वेळेचे असते. सामान बांधून, मागे मदतीची गाडी नसताना, सलग चार दिवस चालवण्याविषयी मला नेमके सांगणारे कुणी भेटले नाही.

सायकल हायब्रिड आहे, टायर ७०० बाय ३५, रिम ब्रेक (चाकाच्या कड्यावर दाबणारे), पुढची सर्वांत लहान चकती २८ दात्यांची आणि मागची सर्वांत मोठीही २८ दात्यांची. कॅरिअर बसवून घेतले आहे. सामान नऊ किलो भरते. एवढे घेऊन परतीचा तोरंगण घाट चढता येईल का, आणि वाटेत बिघाड झाला तर कोणती कामे मला स्वतःला यायलाच हवीत?

प्रतिसाद – जुना सिडकोवाला

घाटाचे आधी सांगतो, कारण तुमच्या प्रवासाची खरी परीक्षा चौथ्या दिवशी आहे. जव्हार साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि त्र्यंबक सातशेच्या पुढे. शिवाय मधला रस्ता सरळ चढत जात नाही, तो उतरतो आणि पुन्हा चढायला लावतो. पुढे २८ आणि मागे २८ म्हणजे पॅडलच्या एका फेरीत चाकाचीही एकच फेरी. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर असल्याने मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी साडेसात किलोमीटर होतो. सामान असताना तीव्र चढावर तेवढा वेग टिकत नाही, फेऱ्या चाळीसवर येतात आणि प्रत्येक फेरीचा ताण गुडघ्यावर जातो. मागे सर्वांत मोठी चकती ३४ दात्यांची असलेली कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बसवली, तर त्याच ६० फेऱ्यांत तुम्ही ताशी सहाच्या थोडे वर चालाल आणि श्वास जागेवर राहील. मात्र तुमचा डेरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तेवढी मोठी चकती पेलतो का, हे मेकॅनिककडून आधी तपासून घ्यावे. चेनही बहुधा लांब लागेल.

आता सामान. नऊ किलोचे सहा करा, असे मी आग्रहाने सांगेन. पहिल्या दौऱ्यात मी अकरा किलो मागे लादले होते आणि पेठच्या रस्त्यावर सावळ घाट चढताना तार तुटल्यासारखा आवाज होऊन मागच्या चाकाचा स्पोक गेला. तुटला तो कॅसेटच्या बाजूचा. कॅसेटला जागा देण्यासाठी त्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात, म्हणून जास्त वजनात बहुतेकदा तेच तुटतात. आणि नवा घालायचा तर आधी कॅसेट उतरवावी लागते, जिचे हत्यार वाटेत कुणाकडे नसते. मी तुटलेला स्पोक शेजारच्या स्पोकला गुंडाळला, चाक ब्रेक शूला घासत होते म्हणून केबल सैल केली आणि पुढच्या ब्रेकच्या भरवशावर हळूहळू पेठ गाठले. निघण्याच्या पंधरा दिवस आधी चाक सरळ करून सर्व स्पोकचा ताण तपासून घ्या, आणि त्यानंतर पूर्ण सामानासह शनिवारी व रविवारी लागोपाठ त्र्यंबक करा. दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना शरीर काय सांगते, ते एका दिवसाच्या बीआरएममध्ये कळत नाही.

प्रतिसाद – वाटसरू

ताई, मी हा रस्ता दोनदा एकटीने केला आहे. मागचे चाक काढून ट्यूब बदलणे घरी इतक्या वेळा करा की हाताला ते पाठ होईल. पंक्चर काढताना काटा टायरमध्येच राहतो, हे विसरू नका. सुती रुमाल बोटाला गुंडाळून टायरच्या आतून सावकाश फिरवला की एके ठिकाणी धागा अडकतो. तिथे बाभळीच्या काट्याचे टोक असते, आणि ते नखाला लागत नाही, चिमट्यानेच निघते. मी हे न करता नवी ट्यूब टाकली आणि विक्रमगडच्या अलीकडे दोन किलोमीटरच्या आत तीही बसली. दोन ट्यूब, पॅचचे सामान, पंप, चेन जोडण्याचे हत्यार आणि अॅलन की एवढे पुरते. कॅरिअरचे नट मात्र रोज रात्री हाताने हलवून पाहा.

मुक्कामाची खोली आदल्या दिवशी फोन करून नक्की करा आणि चारच्या आत पोहोचा, कारण डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो. घाटात रेंज जाते, म्हणून घरच्यांना वेळेऐवजी गावे सांगून ठेवा: मोखाड्याहून एक संदेश, जव्हारहून दुसरा. वाटेत कुणी मुक्काम कुठे म्हणून विचारले, तर पुढच्या गावात भाऊ वाट पाहतो आहे, असे मी सांगते. एरवी पाणी मागितल्यावर चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत, असा माझा दोन्ही वेळचा अनुभव आहे.

गंगापूररोडकर

दोघांचेही मनापासून आभार. आज सामान पुन्हा काढून तोलले. जाड चादर, जीन्स आणि दुसरे बूट वगळल्यावर साडेसहा किलो भरले. कॅसेटचे उद्या विचारते. एक शंका राहिली: जाताना तोच घाट सामानासह उतरायचा आहे, त्यासाठी वेगळी काही काळजी घ्यावी का?

जुना सिडकोवाला

घ्यावी. ब्रेक सतत दाबून धरल्यास रिम तापते, म्हणून वळणाच्या आधीच दोन्ही ब्रेक दाबून वेग कमी करावा आणि सोडून द्यावे. ब्रेक शूवरच्या खाचा बुजत आल्या असतील तर ते बदलूनच निघा. आणि तुम्ही पहाटे निघणार असाल, तर त्र्यंबकपर्यंत गारठ्याने बोटे बधिर होतात आणि ब्रेक नीट दाबला जात नाही. हातमोजे पूर्ण बोटांचे घ्या, आणि त्र्यंबकला चहा घेऊन, ऊन अंगावर आल्यावरच घाटाकडे निघा.